निरीक्षणाचा रकाना कोरा ठेवा

दहावीच्या जर्नलमधला निरीक्षणाचा रकाना प्रॅक्टिकलच्या आदल्या रात्रीच भरून तयार असतो. कुणातरी दादा-ताईचं जुनं जर्नल आणायचं आणि उतरवून काढायचं. यंदा ज्वलनाचे प्रयोग माझ्याकडे आले, तेव्हा पोरांना बजावलं: तो रकाना कोरा ठेवून या, नाहीतर लॅबमध्ये घेणार नाही.

पावसाळी हवेने मॅग्नेशियमची फीत काळपट पडली होती. तशी ती लवकर पेट धरत नाही. लॅबच्या मामांनी पॉलिश पेपरने घासून लखलखीत करून दिली. ज्योतीकडे टक लावून बघायचं नाही, एवढं मी दोनदा सांगितलं. डोळ्यांना खरोखर इजा होते.

पेटवण्याआधी विचारलं, जळाल्यावर वजन वाढेल की घटेल? सगळा वर्ग एका सुरात, "घटेल!" साहजिकच आहे. लाकूड जळलं की मूठभर राख उरते, हेच त्यांनी पाहिलेलं. मग फीत मुशीत घालून, झाकण ठेवून तापवली. खरी कसरत झाकणाची. मधूनमधून किंचित उचलायचं, म्हणजे हवा आत जाते. पण पांढरा धूर निसटला की वजन गेलं. हिशेबाने २४ ग्रॅम मॅग्नेशियम १६ ग्रॅम ऑक्सिजन घेतं, म्हणजे आमच्या ०.२४ ग्रॅमचे ०.४० व्हायला हवेत. तराजूने ०.३६ दाखवलं. थोडा धूर उडाला, शिवाय थोडं मॅग्नेशियम हवेतल्या नायट्रोजनशीही जोडलं जातं. तरी वजन वाढलं होतं, आणि "घटेल" म्हणणारे मूस पुसून पुन्हा पुन्हा तराजूवर ठेवत होते.

गंधक पटकन उरकलं. निळी ज्योत, नाकात झोंबणारा वास, ओला निळा लिटमस लाल. खिडक्या सताड उघड्या ठेवूनही सगळे खोकलेच.

तांबं माझ्या यादीत नव्हतंच. तांबट आळीतला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, आजोबा भांडं तापवतात तेव्हा पत्रा काळा पडतो, पण पेटत नाही. ते पण ज्वलनच का?" लगेच तांब्याची पट्टी बर्नरवर धरली. काळी पडली. ऑक्सिजन घेतला, पण स्वतः उजेड देत पेटली नाही. म्हणून ते ऑक्सिडीकरण, ज्वलन नव्हे. मागच्या बाकावरच्या मुलीने मात्र बर्नरच्या ज्योतीला कडेने हिरवी झाक आल्याचं टिपलं. माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं.

"मॅडम, ०.४० लिहू का? मार्क कापतील ना?" हा प्रश्न आलाच. ०.३६ लिहा आणि खाली कारण लिहा, म्हटलं. तरी जर्नलं तपासताना काहींचं नेमकं ०.४० निघालं. तेवढ्यांना मधल्या सुट्टीत मूस घेऊन परत तराजूपाशी बसवलं.