बत्तीस आणि सव्वीस

लेक नोकरीला बंगळुरूला गेला आणि जाताना मागे दोन गोष्टी ठेवून गेला: एक बंद पडलेली बाइक आणि एक बॉल पायथन. बाइक सोसायटीच्या आवारात धूळ खातेय. अजगर आमच्या परळच्या घरात, शोकेसशेजारी काचेच्या पेटीत वेटोळं घालून असतो. नाव बंड्या, मूळ आफ्रिकेचं. (आपला देशी साप पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा. या पाहुण्याची मात्र रीतसर नोंदणी आहे, तो कागद रेशनकार्डाच्या फाइलीत.)

बंड्याला अंग गरम ठेवायची सोय देवाने दिलेली नाही. बाहेरून ऊब मिळाली तर पचन, नाहीतर गिळलेला उंदीर तो तसाच उलटून टाकायचा. म्हणून पेटीच्या डाव्या टोकाला साधारण ३२ अंश, उजव्या टोकाला २६. जेवण झालं की डावीकडे, उकडलं की उजवीकडे, ज्याचा तो सरकतो. मुंबईच्या घरात एवढी चैन माणसालाही नाही.

लेकाने दिलेली सूचनांची वही मी पाठ केली. सगळ्या सूचना उबेच्याच. लिहिणाऱ्यांच्या गावी बहुधा बर्फ पडत असावा! आमच्याकडे हीट मॅट, म्हणजे पेटीखालची विजेवर तापणारी चटई, लागते ती डिसेंबर-जानेवारीतल्या मोजक्या रात्री. मे महिन्यात भर दुपारी हॉलमध्येच ३४ असतं, तेव्हा २६ कुठून आणायचे? मग हॉलचा एसी लागतो. "माझ्यासाठी कधी लावला नाहीस," हे म्हणाले. खरंय. पण यांना घाम येतो, बंड्याला येत नाही.

गेल्या जानेवारीत मात्र फजिती झाली. सकाळी दूध घ्यायला उठले तर बंड्या पाण्याच्या भांड्यात मुटकुळं करून बसलेला, नुसतं डोकं वर. पेटीच्या तळाला हात लावला तर चटका. थंडी दिसली की मॅट चालू करायची, ऊब झाली की बंद, हे काम थर्मोस्टॅटचं; रात्री बंड्याने त्याचीच वायर ओढली होती. तिच्या टोकाला शेंगदाण्याएवढा सेन्सर असतो, तो मॅटच्या जागेवरून घरंगळून गार कोपऱ्यात जाऊन पडलेला. बिचारा इमानेइतबारे तिथली थंडी मोजत होता आणि मॅट रात्रभर तापत होती. आत सेलोटेप लावायची नाही, सापाच्या कातडीला चिकटते. शेवटी सेन्सर बाहेरून, मॅट आणि काच यांच्या मधे सरकवला. बंड्या दोन दिवस रुसून होता, किंवा मला तसं वाटलं.

पावसाळ्यात फार काही करावं लागत नाही. नागपंचमीला शेजारच्या काकू दुधाची वाटी घेऊन आल्या. साप दूध पीत नाही म्हटल्यावर त्यांनी ती मला दिली. आम्ही दोघींनी चहा केला.

लेकाचा रोज रात्री फोन येतो. "आई, उजवीकडे किती?" मी चष्मा शोधते, वाकून वाचते. सव्वीस पॉइंट चार. मग तो विचारतो, जेवलीस का.