त्याला वाईट वाटलं नाही

टोरांटो मेपल लीफ्स या आमच्या आइस हॉकी टीमचा मार्नर वेगासच्या टीमकडे गेल्याची बातमी आली तेव्हा मी ग्रोसरीत रांगेत उभी होते आणि पहिला विचार आला तो पोराचा. घरी जाऊन याला काय बोलायचं, तेच जुळवत गाडी चालवली. जेवताना विषय काढला तर म्हणतो, "हो आई, बघितलं मी. बरंय ना, तिकडे निवांत खेळेल तो." आणि पोळीचा तुकडा मोडत समर जॉबच्या शिफ्टचं सांगायला लागला.

बास. एवढंच झालं. आणि त्यावरून मी आत्ता रात्री लिहीत बसलेय.

मार्नरची सोळा नंबरची जर्सी अंगावरून काढत नव्हता हा, धुवायला टाकली तरी वाळायच्या आधी घालायचा. आणि आता "बरंय ना". 2025च्या मेमध्ये फ्लोरिडाशी गेम सेव्हन, म्हणजे सिरीजची सातवी, निर्णायक मॅच हरलो तेव्हाही असंच. आपल्याच घरी, आपल्याच लोकांसमोर सहा-एक, त्याआधी सिरीजमध्ये दोन-शून्यने पुढे असताना! लोक जर्स्या काढून आइसवर फेकत होते, मार्नर बेंचवर उभा राहून आपल्याच टीमवर ओरडत होता, आणि आमचा पोरगा शांतपणे उठून डिशवॉशर लावत होता. तेव्हा मला वाटलं मोठा झाला, समजूतदार झाला. आज वाटतंय की समजूतदारपणा नाहीये हा, याची आशाच संपलीये. त्याला वाईट वाटत नाही याचं मला इतकं वाईट वाटतंय की काय सांगू.

कारण मी 2013 बघितलंय. 13 मे, सोमवार, दुसऱ्या दिवशी शाळा, तरी बाबांनी त्याला जागं राहू दिलं. बाबा त्या वर्षी साताऱ्याहून आई-वडिलांसाठीच्या सुपर व्हिसावर आलेले. हॉकी म्हटलं की त्यांच्यासाठी ध्यानचंद, आणि नातू सेकंड ग्रेडमधला, तो त्यांना आइसवरची हॉकी शिकवायचा, ऑफसाइड म्हणजे काय, आयसिंग म्हणजे काय, ते सगळं इंग्रजी-मराठी मिसळून. बोस्टनमध्ये गेम सेव्हन. तिसऱ्या पिरियडला आमच्या काद्रीने गोल टाकला, चार-एक. बाबा म्हणाले, झालं आता. पोरगा लगेच त्यांच्या तोंडावर हात ठेवून, "आजोबा नाही म्हणायचं असं!"

मग चार-दोन. शेवटची दोन मिनिटं राहिली आणि बाबा विचारतात, अरे यांचा गोली कुठं गेला? हा समजावतोय, की बोस्टनने गोली बाहेर काढून सहावा खेळाडू आत घेतलाय, त्यांचं नेट आता रिकामंय, आपण एक टाकला की संपलं. त्याचं वाक्य संपेपर्यंत ल्युसिचने टाकला. एकतीस सेकंदांनी बर्जरॉनने, तो धिप्पाड चारा आमच्या गोलीच्या अगदी तोंडासमोर उभा, त्या बिचाऱ्या रायमरला पक दिसला तरी असेल का. ओव्हरटाइमला परत बर्जरॉन. पाच-चार.

पोरगा रडला म्हणजे कसा रडला, श्वास लागेना त्याला. बाबा पाठीवरून हात फिरवत एवढंच म्हणत राहिले, पुढच्या वर्षी, बाळा, पुढच्या वर्षी.

पुढच्या वर्षी प्लेऑफच, म्हणजे सीझननंतरची बाद फेरीच, नव्हती आमच्या नशिबात. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही, आणि त्याच्याही. 2016ला तर लीगमध्ये सगळ्यात शेवटचे होतो आम्ही, म्हणून तर ड्राफ्टला, म्हणजे नवे खेळाडू निवडायला, पहिला नंबर मिळाला आणि मॅथ्यूज आला. आणि मग खरं स्वप्न सुरू झालं, मॅथ्यूज, मार्नर, नायलँडर, पुढे टावारेस. मार्नर तर इथलाच, लहानपणी लीफ्ससाठीच ओरडणारा. पोराला वाटायचं तो आपल्यातलाच कोणीतरी आहे.

आणि मग हरण्याची रांग. बोस्टन 2018, गेम सेव्हन. बोस्टन 2019, गेम सेव्हन. 2020ला कोलंबस, पाच मॅचची सिरीज, रिकाम्या अरीनात. 2021... नको. बरं लिहितेच. मॉन्ट्रियलविरुद्ध तीन-एकने पुढे होतो आम्ही. पहिल्याच मॅचला टावारेस स्ट्रेचरवरून गेला, तरीही पुढे होतो. मग दोन ओव्हरटाइम हरलो आणि गेम सेव्हन घरी. त्या रात्री लस घेतलेल्या साडेपाचशे हेल्थ वर्कर्सना अरीनात सोडलं होतं. ते वर्ष सगळ्यांचंच कसं गेलं ते माहितीये. त्या लोकांना तरी एक जिंकलेली मॅच बघायला मिळायला हवी होती.

2022 टॅम्पा, गेम सेव्हन. 2024 परत बोस्टन, परत गेम सेव्हन, परत ओव्हरटाइम. या पोराच्या आख्ख्या आयुष्यात लीफ्सने एकही गेम सेव्हन जिंकलेली नाही, शेवटची जिंकली ती 2004ला ऑटावाशी, तेव्हा आम्ही दोघं नवीन नवीन आलो होतो आणि यंग स्ट्रीटवर गाड्यांना झेंडे लावून लोक हॉर्न का वाजवतायत तेही कळलं नव्हतं.

आज रात्री बसून जुने स्कोअर बघितले आणि एक गोष्ट दिसली ती काही डोक्यातून जाईना. 2019 पासून जिंकेल तो पुढे अशा प्रत्येक निर्णायक मॅचमध्ये आमचा फार तर एक गोल. एक, शून्य, एक, एक, एक, एक. ते शून्य कोलंबसवालं. म्हणजे लोक गोलीला शिव्या घालत राहिले, डिफेन्सला घालत राहिले, आणि ज्या चार स्टार्सना सॅलरी कॅपमधला, म्हणजे टीमच्या पगाराच्या ठरलेल्या मर्यादेतला, जवळजवळ निम्मा पैसा दिला ते नेमके त्याच रात्री अडखळले. मी मार्नरला दोष देत नाहीये, त्याने 2024-25च्या सीझनला गोल आणि असिस्ट मिळून 102 पॉइंट केले. पण प्लेऑफमध्ये जागा मिळत नाही, रेफरी शिट्टी कमी वाजवतात, समोरचा अंगावर येतो, तिथे पॅटर्न सुचतच नाही यांना. हे सगळं मला पोरानेच शिकवलंय. पूर्वी तावातावाने सांगायचा. आता सांगत नाही.

तेच ते. फिरून तिथेच येतेय मी.

आपण कुठल्या गावात आलो, कुठली टीम पोराच्या गळ्यात पडली, असं पण वाटून गेलं आज. साताऱ्यात वाढला असता तर निदान वर्ल्ड कप तरी बघितले असते. इथे काय, लीफ्सने शेवटचा स्टॅनली कप जिंकला तो 1967ला. तेव्हा एनएचएलमध्ये, म्हणजे या लीगमध्ये, सहाच टीम होत्या, आणि कप जिंकणाऱ्या त्या टीममधल्या टिम हॉर्टनचं नाव आता कोपऱ्याकोपऱ्यावरच्या कॉफीच्या दुकानावर आहे.

पण मग 2023 आठवतं ना. शनिवारची रात्र, टॅम्पामध्ये सहावी मॅच, ओव्हरटाइमला टावारेसने टाकला आणि एकोणीस वर्षांनी एक राउंड जिंकलो आम्ही. एक राउंड! पोरगा अनवाणी बाहेर धावला, समोरचे पंजाबी काकाही बाहेर आलेले, त्यांच्याकडे हॉकी पंजाबी कॉमेंट्रीतच लागते. मग त्याने साताऱ्याला व्हिडिओ कॉल लावला, तिकडे रविवारची सकाळ, बाबा चहा घेत होते. "आजोबा, पुढचं वर्ष आलं!" असं ओरडला तो. दहा वर्षं लक्षात ठेवलं होतं त्याने. बाबा हसत होते नुसते. त्यानंतर बाबांनी... असो.

पुढच्या राउंडला फ्लोरिडाने पाच मॅचमध्ये गुंडाळलं. पण ती रात्र कोणी परत घेऊ शकत नाही आमच्याकडून. आणि परवा जूनमध्ये लॉर्ड्सवर साऊथ आफ्रिका टेस्ट चॅम्पियनशिपची फायनल जिंकली, 1999ची ती टाय झालेली सेमी ज्यांनी बघितलीये त्यांना माहितीये की ते लोक किती वर्षं काय काय ऐकत आलेत. बावुमाने ती गदा उचलली तेव्हा नवरा इथे सोफ्यावर डोळे पुसत होता, आणि त्याचा त्या टीमशी काहीएक संबंध नाही.

मघाशी पाणी प्यायला खाली गेले तर पोरगा जागाच. फोनवर लोक मार्नरला वाट्टेल ते बोलत होते, ते वाचत बसलेला. म्हणाला, "आई, वेगास इथे खेळायला येईल ना तेव्हा सगळे त्याला बू करणारेत. नऊ सीझन खेळला तो आपल्यासाठी. मी जाणारे आणि उभा राहून टाळ्या वाजवणारे, मला कोणी काही का म्हणेना."

आवाज जरा बसलेला होता त्याचा. मी काही विचारलं नाही. म्हटलं, दोन तिकिटं बघ, मी पण येते. आणि वरच्या रांगेतली बघ, खालची परवडायची नाहीत.