मागणी घालायला आला आणि कुरणावरून भांडला

बुधवार, रात्री उशिरा

आज तालमीत जे बरेच दिवस मनात होतं ते बोलले. नताल्या, म्हणजे नाटकात मी करते ती मुलगी, कर्कश नाहीये. तिला कर्कश करून आपण प्रेक्षकांकडून हशा घेऊ शकतो, घेतोच आहोत, पण मग नाटकातलं खरं काय ते हातातून जातंय. दादा (आमचा डायरेक्टर) म्हणाला, बरं, उद्या तुझ्या पद्धतीने एक रनथ्रू करून बघू. म्हणून आत्ता हे लिहून काढते, म्हणजे उद्या नीट डोक्यात असेल.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, आम्ही चेकॉव्हचं 'प्रपोजल' करतोय. एकांकिका आहे, तीनच पात्रं, एक दिवाणखाना, छोट्या ग्रुपला परवडणारं नाटक. चेकॉव्हने ते 1888 ला लिहिलं, तेव्हा तो 28 वर्षांचा होता, डॉक्टर होता आणि स्वतःचं लग्न व्हायला अजून बराच वेळ होता, ते 1901 ला झालं. 1889 ला नाटक छापून आलं आणि त्याच वर्षी प्रयोगही झाले, एक तर थेट झार तिसऱ्या अलेक्झांडरसमोर. आणि आता कोपरखैरण्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये आम्ही. मूळ नाटकाला रॉयल्टी नाही, भाषांतर ग्रुपमधल्याच ताईंचं, परिनिरीक्षण मंडळाचं (नाटकाची संहिता तपासणारं सरकारी मंडळ) सर्टिफिकेट आलंय. नावं रशियनच ठेवलीत, कोकणात वगैरे नेलं नाही, आणि ते मला फार आवडलं, कारण लोकांना आपलं काय ते ओळखायला लोमोवचा लोखंडे करायची गरज नसते.

गोष्ट अशी. लोमोव, वय 35, शेजारचा जमीनदार, कोट आणि पांढरे हातमोजे घालून चुबुकोवकडे येतो. चुबुकोवला वाटतं हा उसने पैसे मागायला आलाय. मग कळतं की मुलीला मागणी घालायला आलाय, तर म्हातारा आनंदाने वेडा होतो आणि मुलीला आत बोलवायला जातो. पण तिला सांगतो काय, तर गिऱ्हाईक आलंय माल घ्यायला. बस, एवढंच. म्हणजे नताल्या बाहेर येते तेव्हा तिला माहीतच नाहीये की हे आपल्या लग्नाचं चाललंय! ती मटार सोलत होती, वाळवणाचे, ॲप्रन तसाच अंगावर, म्हणून ती आधी कपड्यांबद्दल माफी मागते आणि मग शेतीचं बोलायला लागते, गवत कापून झालंय, पाऊस पडला तर कुजेल. लोमोव मागणी घालायच्या आधी प्रस्तावना करत बसतो आणि त्यात बोलता बोलता म्हणून जातो, माझं बैलकुरण तुमच्या बर्चच्या रानाला लागून आहे ना. माझं? नताल्या म्हणते, बैलकुरण आमचं आहे. आणि सुटलं सगळं.

आता इथे आपण काय करत होतो तर दुसऱ्या वाक्यापासून आवाज वर. दादाने ब्लॉकिंगच तसं दिलं होतं, टेबलाभोवती पळायचं, उशी फेकायची. लोक हसतात, नाही असं नाही, मागच्या आठवड्यात सोसायटीतली मंडळी रिहर्सल बघायला आलेली तेव्हा जाम हसली. पण मी स्क्रिप्ट परत परत वाचते तेव्हा मला दिसतं की पहिली पाच-सहा वाक्यं ती अगदी समजुतीने बोलते. तिला खरंच वाटतं की ह्या माणसाचा काहीतरी गैरसमज झालाय. ती म्हणते की जमीन फक्त पाच देस्यातिना आहे (म्हणजे साधारण साडेतेरा एकर), किंमत असेल तीनशे रुबल, मला त्या जमिनीचं काही नाही, मला अन्याय सहन होत नाही. हे वाक्य ओरडून म्हटलं तर हशा येतो. शांत म्हटलं तर? मी आज शांत म्हटलं. हॉलमध्ये लाइट्सवाला मुलगा आणि चहा आणणारा पोरगा दोघेच होते, दोघेही हसले, पण जरा वेगळं हसले, म्हणजे आपल्या घरातलं कोणीतरी ओळखल्यासारखं. मला तेच हवंय.

मग ती थ्रेशिंग मशिनचं काढते. गेल्या वर्षी आम्ही तुम्हाला मशिन दिलं, त्यापायी आमची मळणी नोव्हेंबरपर्यंत लांबली. हे वाक्य मला फार प्रिय आहे. हिला तारखा माहीत आहेत, मळणी कधी झाली हे माहीत आहे, म्हणजे शेती ही चालवतेय, बाप नाही. पंचविशीची मुलगी आहे. लोमोव स्वतःशी बोलतो तेव्हा तिच्याबद्दल काय म्हणतो, तर घर छान सांभाळते, दिसायला वाईट नाही, शिकलेली आहे, अजून काय पाहिजे. म्हणजे अगदी आपल्याकडचं स्थळ बघणं. पण ती खरी कशी आहे ते त्याला भांडणातच दिसतं.

काकांचं सांगायलाच हवं. आमचे चुबुकोव. काका इथलेच, मूळ गावातले, त्यांच्या आजोबांची भातशेती होती आणि मिठागरात वाटा होता, सिडको (नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी) 1970 ला आली आणि मग सगळं गेलं, पुढे गेलेल्या जमिनीच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांचा प्लॉट, त्यावर कोणाकोणाचं नाव लावायचं ह्यावरून भावकीत अजून बोलणं बंद आहे. काकांना सातबारा, आठ-अ, फेरफार तोंडपाठ. पहिल्या वाचनालाच ते म्हणाले, "पोरी, बघ, दोघं ओरडतात कागद आहेत कागद आहेत, पण पूर्ण नाटकात कागद कोणी काढत नाही." मी परत वाचलं, खरंच की! लोमोव कागदांचा दाखला देत राहतो, चुबुकोव म्हणतो तुम्ही नकाशाच बघितलेला नाही, आणि टेबलावर एक कागद येत नाही. आम्ही टेबलावर फाईल ठेवणार होतो, स्टेजवरची प्रॉपर्टी म्हणून. ती काढून टाकली.

आणि दुसरं जे काकांनी दाखवलं त्यावर मी अजून विचार करतेय. लोमोवचा युक्तिवाद नीट ऐका. त्याच्या आत्याच्या आजीने ते कुरण नताल्याच्या पणजोबांच्या शेतकऱ्यांना फुकट वापरायला दिलं, कशाच्या बदल्यात, तर ते तिच्यासाठी विटा भाजायचे. चाळीस वर्षं त्यांनी ते वापरलं, त्यांना ते आपलंच वाटायला लागलं, आणि मग कायदा आला तेव्हा... इथे नताल्या त्याला तोडते. तो कायदा म्हणजे 1861 चा, भूदासांना, म्हणजे जमीनदाराच्या मालकीच्या शेतकऱ्यांना, मुक्त करणारा. म्हणजे नाटक स्टेजवर आलं त्याच्या फक्त 28 वर्षं आधीचा, तेव्हा प्रेक्षागृहात बसलेल्या निम्म्या लोकांना स्वतःला आठवत असणार. काका म्हणाले, "ज्यांनी चाळीस वर्षं गवत कापलं त्यांना विचारलं का कोणी?" आम्ही सगळे गप्प झालो. काकांचे आजोळचे लोक अलिबागकडचे, चरीच्या संपाच्या गोष्टी ऐकत वाढलेले, 1933 पासून सहा वर्षं कुळांनी खोतांची जमीन कसली नाही तो संप. मग कुळकायदा, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, कसणाऱ्या कुळांना मालक मानलं तो. त्यांच्यासाठी कसणारा आणि मालक हा प्रश्न घरातला आहे. चेकॉव्हचा स्वतःचा आजोबा भूदास होता, पैसे भरून सुटला. हे मी काकांना सांगितलं तर ते बराच वेळ मान हलवत बसले, मग म्हणाले, तरीच.

तर ह्या सगळ्याचं प्रयोगात काय करायचं? काहीच नाही, भाषण नाही द्यायचं. फक्त ती ओळ पळवायची नाही. लोमोवने ती नीट, समजावत म्हणायची आणि मी ती ऐकून मग तोडायची, म्हणजे प्रेक्षकाला विटा आणि चाळीस वर्षं ऐकू जातील.

मेयरहोल्ड ह्या रशियन दिग्दर्शकाचं दादाने सांगितलं होतं मागे. 1935 ला त्याने मॉस्कोत चेकॉव्हच्या तीन एकांकिका एकत्र केल्या, नाव दिलं '33 मूर्च्छा', कारण मोजल्या तर पात्रं तेवढ्या वेळा भोवळ येऊन पडतात, आणि प्रत्येक भोवळीला संगीत. एवढा मोठा माणूस, आणि त्यालाही नंतर वाटलं की कल्पकतेच्या नादात विनोद निसटला. हे ऐकून मला धीर आला. आमचा लोमोव करणारा मुलगा खूप गुणी आहे, पण छाती धरून पडणं त्याला इतकं छान जमतं की त्याला थांबवावंसं वाटत नाही, आणि थांबवायला हवं. लोमोवची धडधड, पापणी फडफडणं, झोपेत कुशीत येणारी कळ, हे एका डॉक्टरने लिहिलंय, त्या माणसाला खरंच बरं वाटत नाहीये. पाणी मागतो तेव्हा त्याला पाणी हवं असतं.

आता लग्नाचं. मला कांदेपोहे आठवतात, घणसोलीला मामाकडे व्हायचे, पोहे मामी करायची आणि नाव माझं सांगायचे. मुलाने विचारायचं, पुढे नोकरी करणार का. मी विचारायचं, ऑफिस कुठे. अर्ध्या तासात निघून जायचे. एकमेकांबद्दल काय कळायचं? काही नाही. आणि इथे लोमोव आणि नताल्याला एका भेटीत सगळं कळतं. तो घाबरट आहे पण जमिनीच्या बाबतीत मागे हटत नाही, हरण्यापेक्षा चक्कर येऊन पडेल. ती रागीट आहे पण मुद्द्याला सोडत नाही, आजच माझी माणसं पाठवते कुरणावर गवत कापायला म्हणते आणि पाठवली असती. मग तो निघून गेल्यावर बाप सांगतो की हा मागणी घालायला आला होता, तर ती कोसळते, परत आणा त्याला म्हणते. ह्या जागी सगळ्या नताल्या नवऱ्यासाठी रडतात. मला वाटतं ती रडते कारण तिला कोणी सांगितलंच नाही. माल म्हणे. बापाने एक वाक्य नीट सांगितलं असतं तर ती ॲप्रन काढून आली असती, कुरणाचं उद्या बघितलं असतं. हे मी आज काकांकडे बघून केलं, म्हणजे बापाकडे, आणि काकांनी नजर खाली घातली, स्क्रिप्टमध्ये नाहीये ते पण ठेवायचं ठरलं.

पुढे तो परत येतो, ती म्हणते कुरण तुमचंच, आणि लगेच कुत्र्यांवरून सुरू. त्याचा उगादाय, सव्वाशे रुबलला घेतलेला, हिच्या बापाचा ओत्कताय पंच्याऐंशीचा, कोणाचा जबडा आखूड. तो बेशुद्ध पडतो, मेला असं वाटतं, मग जरा हालचाल होते तर बाप दोघांचे हात एकमेकांत देऊन टाकतो, लवकर लग्न करा, ती तयार आहे. लक्षात घ्या, अख्ख्या नाटकात लोमोव तिला मागणी घालतच नाही. तोंडातून ते वाक्य निघतच नाही. आणि त्यानंतरही कुत्र्यांचं चालूच राहतं आणि चुबुकोव शॅम्पेन, शॅम्पेन म्हणून ओरडत असताना पडदा.

शेवट कसा करायचा ह्यावर आज सगळ्यात जास्त वेळ गेला. दादाचं म्हणणं, ह्यांचं आयुष्यभर असंच चालणार, बिचारे, ह्या भावनेने पडदा पडायला हवा. ताई म्हणाल्या, चेकॉव्हला लग्न म्हणजे सापळाच वाटत असणार. मला नाही तसं वाटत. नताल्याला आजूबाजूला दुसरं आहे कोण, ज्याला त्या कुरणाची हद्द जळक्या दलदलीपर्यंत जाते की नाही ह्याची एवढी पडलीये? ज्याला त्याची फिकीर नाही अशा माणसाबरोबर ती सुकून गेली असती. दोघांना एकाच गोष्टींची काळजी आहे, जमीन, कुत्रे, खरं काय खोटं काय. ते भांडतात ते बरोबरीने, ती बाई आहे म्हणून तो एकदाही आवाज खाली आण असं म्हणत नाही, आणि तिला तर गप्प बसणं माहीतच नाही. म्हणून शेवटचं भांडण मला आनंदाने करायचंय. हातात हात आहे, तो सोडायचा नाही, आणि ओत्कतायच चांगला हे अगदी ठामपणे, डोळ्यात डोळे घालून म्हणायचं. लोमोव करणाऱ्याला हे लगेच पटलं, तो म्हणाला मग मी पण हात सोडत नाही.

दादाला अजून पटलेलं नाही. उद्या दोन्ही शेवट करून बघणार आहोत, साडेसातला, माझी ऐरोलीहून सहा पन्नासच्या आसपासची लोकल मिळाली तर वेळेत पोहोचेन. जाताना मटार घ्यायचेत, खरे, शेंगांचे. प्लास्टिकचे मला चालणार नाहीत, हाताला काम असलं की पहिली वाक्यं आपोआप शांत येतात.