कर्म माझं

त्रिपुरी पौर्णिमा, रात्री साडेअकरा

आज दुपारी आत्या येऊन गेली. कार्तिकीला पंढरपूरला गेली होती, परतताना वाट वाकडी करून आमच्याकडे उतरली. पिशवीत चुरमुरे-बत्तासे, बुक्क्याची पुडी आणि तिच्या जुन्या सुती लुगड्यांचे नीट घड्या घातलेले तुकडे. "वहिनीच्या पाठीखाली घाल. नवं कापड टोचतं," म्हणाली. आईच्या कपाळाला बुक्का लावला, पायाशी बसून बराच वेळ तळवे चोळले. नामदेव पायरीचं दर्शन झालं, चोखोबांच्या समाधीवर डोकं ठेवलं, गर्दी कशी होती, सगळं आईला सांगत होती. उत्तर येणार नाही हे माहीत असूनही आईशी असं बोलणारी माणसं आता फार उरली नाहीत.

तेवढ्यात आईचा डावा हात लागून फुलपात्र कलंडलं. चादर भिजली आणि आई स्वच्छ म्हणाली, "कर्म माझं!"

जूनमध्ये झटका आला तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. वाचा-उपचाराच्या ताई सांगतात, नवं वाक्य जुळवता येत नाही, पण जन्मभर तोंडात बसलेले शब्द कधीकधी अख्खेच्या अख्खे बाहेर येतात. आईचे असे दोनच राहिलेत. मी पसायदान सुरू केलं की पहिल्या दोन ओव्या ती माझ्याबरोबर म्हणते. आणि दुसरं हे. दूध उतू गेलं, बस चुकली, वाळत घातलेल्या पापडांवर पाऊस आला की "कर्म माझं" म्हणायची आणि तोवर हातात फडकं घेतलेलं असायचं. त्या शब्दांत मागच्या जन्माचा हिशेब मी कधी ऐकला नाही.

आत्याने ऐकला. मान हलवत म्हणाली, "बघ, तिलाही कळतंय. मागचं काहीतरी असतं रे. भोगूनच संपवावं लागतं."

आईने तोंड भिंतीकडे वळवलं.

मी चादर बदलत राहिलो. काही बोललो नाही. ते का, ते इथे लिहायला हवं, कारण दुसरीकडे कुठे लिहिलेलं नाही. आत्याचं वाक्य ऐकलं त्या क्षणी मला बरं वाटलं होतं. मागच्या जन्मीचं असेल तर या जन्मीच्या मे महिन्याचं कुणी विचारणार नाही.

मेच्या अखेरीस आईची बीपीची गोळी संपली होती. तिने मला दोनदा सांगितलं. रिकामी पट्टी माझ्या डब्याच्या पिशवीत घालून ठेवली, विसरू नये म्हणून. मी रोज ती पट्टी पाहायचो आणि रोज "उद्या आणतो" म्हणायचो. औषधाचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. असे नऊ दिवस गेले. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, गोळी बंद होती का? मी म्हणालो, मधे एक-दोन दिवस. तेवढ्यानेच झालं असं सांगता येणार नाही, वय आहे, साखर आहे, असं ते म्हणाले. त्या दिवशी रक्तदाब मात्र भयंकर वाढलेला होता.

करावं तसं भरावं, ही म्हण मी लहानपणापासून ऐकतोय. पण इथे केलं मी आणि भरतेय ती. हा हिशेब कुठल्या वहीत बसवायचा?

आत्या गेल्यावर चोखोबांची गाथा काढली. तो अभंग मला शाळेत असल्यापासून सलतो: "यातिहीन मी महार । पूर्वी निळाचा अवतार । कृष्णनिंदा घडली होती । म्हणोनि महार जन्मप्राप्ती." एवढा मोठा कवी, आणि आपल्या वाट्याला आलेल्या विटाळाचं कारण तो आपल्याच मागच्या जन्मात शोधतो. ते कारण एकदा मान्य झालं की महाद्वारात त्याला अडवणारा प्रत्येक जण मोकळा सुटतो. अडवणाऱ्याने काही केलंच नाही, कृष्णनिंदेने केलं! चोखोबा १३३८ मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना कोसळलेल्या भिंतीखाली गेले. समाधी मिळाली ती पंढरपूरला, विठ्ठलाच्या देवळाच्या पायरीपाशी, बाहेर.

आणि त्यांच्याच घरात त्यांचा मुलगा. नाव कर्ममेळा. नावातच कर्म असलेला हा पोरगा बापाचं उत्तर घेत नाही. "आमुची केली हीन याती । तुज का न कळे श्रीपती । जन्म गेला उष्टे खाता । लाज न ये तुमच्या चित्ता." 'केली' म्हणतो तो. झाली नाही, केली. कुणीतरी केली. या एका क्रियापदावर मी आज अर्धा तास अडून बसलो होतो. ते देऊळ सर्वांना उघडं झालं १९४७ मध्ये, साने गुरुजींच्या मे महिन्यातल्या उपोषणानंतर. चोखोबा जाऊन सहाशे वर्षं उलटली होती. तोवर कुणाचं पूर्वसंचित फिटत आलं म्हणून दार उघडलं, असं काही झालं नाही. जिवंत माणसांनी बंद ठेवलं होतं, जिवंत माणसांनी उघडलं.

बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरचा १९४८ चा ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीला वाहिला, त्यात चोखोबा आहेत. मात्र गेल्या जन्मीच्या पापाने हा जन्म ठरतो, हे बाबासाहेबांनी कधी मानलं नाही. गरिबाच्या हालांची जबाबदारी त्याच्याच माथी मारून समाजाने आणि सरकारने हात झटकायची ती सोय आहे, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं.

पाली वाङ्मयात एक छोटं सुत्त आहे. सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना विचारतो, माणसाला जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वी केलेल्या कर्मामुळेच, असं काही जण म्हणतात, ते खरं का? बुद्ध आठ कारणं सांगतात. पित्त, कफ, वात, तिन्हींचा एकत्र बिघाड, ऋतूतला बदल, शरीराची नीट न घेतलेली काळजी, बाहेरून झालेला आघात, आणि कर्म आठवं. सगळं कर्मावर घालणारे डोळ्यांसमोर दिसतं त्याच्या पुढे धावतात, असं ते म्हणतात. आमच्या भाषेत तर आजाराचं नावच अर्धांगवायू. तिसरं कारण नावातच. सहाव्याशी मी थांबलो. नीट न घेतलेली काळजी.

आत्याला मी वाईट म्हणू शकत नाही. सव्विसाव्या वर्षी तिचं कुंकू पुसलं. शिलाईचं यंत्र घेऊन दोन पोरं वाढवली. "माझं कर्म होतं, भोगलं" असं ती म्हणते तेव्हा त्या शब्दांवर तिचं घर उभं असतं. स्वतःबद्दल म्हणायचा तिचा हक्क आहे. पण तेच वाक्य दुसऱ्याच्या उशाशी ठेवलं की त्याचा दगड होतो, हे तिला मी सांगायला हवं होतं.

आजी संचित, प्रारब्ध, क्रियमाण शिकवायची ते बाणांनी. साठलेलं कर्म भात्यातला बाण, भोगायला लागलेलं सुटलेला बाण आणि आता करायचं ते हातातला. घरात दुखणं आलं की आम्ही सगळे सुटलेल्या बाणाबद्दलच बोलत बसतो. "कर्मण्येवाधिकारस्ते" भिंतीवर टांगायचं आणि अधिकार मात्र मागच्या जन्माला द्यायचा.

ज्ञानोबांच्या आईवडिलांना धर्मसभेने देहान्त प्रायश्चित्त सांगितलं, असं परंपरा सांगते. त्या मुलाने पुढे पसायदानात कुणालाही केल्याचं फळ मागितलं नाही. खळांची व्यंकटी सांडो, वाकडेपण गळून पडो. "तया सत्कर्मी रती वाढो." कर्म हा शब्द तिथे येतो तो उद्याच्या कामासाठी.

साडेदहाला आईची कूस बदलली. हवेच्या गादीचा पंप घुंऽ करत होता. माकडहाडाजवळची लाली आज जरा उतरलीय. आत्याची लुगडी मऊ आहेत खरी. पावडर लावली, उशी पाठीला टेकवली आणि तिच्या समोर स्टुलावर बसलो. नऊ दिवसांचं सगळं सांगितलं. पट्टीचं सांगितलं. डॉक्टरांशी खोटं बोललो तेही.

ती माझ्याकडे पाहत राहिली. ओठ दोनदा हलले. मग म्हणाली, "कर्म माझं."

काय म्हणायचं होतं, मला कळलं नाही. दुसरे शब्द तिच्याकडे नाहीत. मी वाट पाहिली. तिने डाव्या हाताने फुलपात्र दाखवलं. मी चमच्याने पाणी पाजलं, हळूहळू, ठसका लागू न देता. चार चमचे प्यायली.

पुढची कूस साडेबाराला.