गिधाडं गेली अन् कुत्री वाढली

परवा गावी गेलतो, अंबाजोगाईकडं. शेजारच्या काकांची म्हैस मेली, तर पोरं जेसीबी शोधायलेत, खड्डा करायला. आबा ओट्यावर बसून म्हणले, आमच्या टायमाला गावाबाहेर जनावर टाकलं की दुपारपर्यंत फक्त हाडं उरायची. गिधाडं यायची ना. मी तर आमच्या गावात एकबी बघितलं नाही.

अन् कारण काय तर डायक्लोफिनॅक, तेच, आपण कंबर दुखली की घेतो ते. जनावरांना सर्रास टोचायचे, ते जनावर मेलं की मांसातून औषध गिधाडाच्या पोटात, किडन्या निकामी, दोन-चार दिवसात खेळ खल्लास. शंभरातल्या एखाद्या जनावरात जरी हे औषध असलं तरी अख्खी जात संपायला पुरतं, कारण ही एका मढ्यावर थव्यानं बसतात अन् मादी वर्षाला अंडं घालते एकच. भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ मध्ये ९९ टक्क्यांच्या वर घटली. २००६ ला जनावरांसाठी बंदी आली, पण माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच होत्या, म्हणून २०१५ ला ३ मिलीच्या वर बाटली बंद केली.

गिधाडाच्या पोटातलं ॲसिड लई जहाल, काळपुळीचे जंतूबी मरतात. आता ते काम कुत्री करायलेत, म्हणजे करत नाहीत, निम्मं खाऊन निम्मं पसरवतात, अन् चावतात ते वेगळंच. रेबीजची सुई कुणाला, आपल्यालाच.

जेसीबी शेवटी संध्याकाळी आला. पैसे काकांनी दिले, वासानं मात्र अख्खी गल्ली हैराण.