चौकोनी कानशीनं चेनसॉची धार: कोपऱ्याला कोपरा

चौकोनी कानस विकत घेण्याआधी आपल्या चेनीचा एक दात समोरून नीट बघा. वरची पट्टी आणि बाजूची भिंत जिथे मिळतात तो कोपरा काटकोनात असेल, तर ती फुल चिझल चेन. कोपरा गोलसर असेल, तर सेमी चिझल. चौकोनी कानस फक्त फुल चिझलला चालते. गोलसर कोपऱ्याच्या दातावर ती घासून उपयोग नाही, दात तेवढा वाया जातो.

५८ सीसीच्या मशिनींवर सहसा .३२५ पिचची (पिच म्हणजे चेनीच्या कड्यांचं इंचातलं माप) चेन असते. तिला ४.८ मिमीची गोल कानसच बरी, कारण दात लहान असतो. चौकोनी कानशीचं खरं काम ३/८ किंवा .४०४ पिचच्या मोठ्या चेनीवर. पिच माहीत नसेल तर लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधलं, म्हणजे पहिल्या ते तिसऱ्या रिव्हेटच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजून निम्मं करा.

गोल कानशीनं दाताच्या आत खोलगट गोलाई येते. चौकोनी कानशीनं दोन सपाट उतार पडतात, सुताराच्या पटाशीसारखे, आणि ते दोन्ही बाहेरच्या कोपऱ्यात एका टोकाला मिळतात. लाकडाचे तंतू आधी हा कोपरा तोडतो, मग वरची पट्टी ढलपी उचलते. त्यामुळे स्वच्छ, ओल्या लाकडात ही चेन गोल कानशीच्या धारेपेक्षा जलद उतरते. पण तोच कोपरा सगळ्यात नाजूक. मातीला एकदा टेकला की धार गेली.

म्हणून खान्देशात ही धार कुठे वापरायची, हे आधी ठरवावं. निलगिरी, सुबाभूळ, आंबा यांचे ताजे ओंडके जमिनीपासून उचलून ठेवले असतील, तर जरूर वापरा. बांधावरची वाळकी बाभूळ, बुंध्यात रुतलेली कुंपणाची तार, मे-जूनच्या वादळात मातीत लोळलेला निंब, वेड्या बाभळीची खोडं, इथे सेमी चिझल आणि गोल कानस हाच शहाणपणा. काळ्या मातीची धूळ सालीच्या भेगांत भरलेली असते, ती कोपरा तासाभरातसुद्धा खाऊ शकते.

आता हाताचं काम. मशीन बंद, प्लगची वायर काढलेली, हातात चामडी मोजे. बार, म्हणजे चेन जिच्यावर फिरते ती लांब पट्टी, शिकंज्यात घट्ट धरा आणि चेन नेहमीपेक्षा थोडी ताणून घ्या, म्हणजे दात डुगडुगणार नाही. दात घासताना ब्रेक लावा, चेन पुढे सरकवताना सोडा. ब्रशनं तेल-भुसा झाडून घ्या, तेलकट दातावर कानस नुसती घसरते.

सुरुवात कारखान्यातूनच चौकोनी धार लावून आलेल्या चेनीवर करा. गोल धारेची चेन हातानं चौकोनी करायला बराच दात घासून टाकावा लागतो, आणि नमुना म्हणून समोर काहीच नसतं. कारखान्याच्या उतारांवर काळा मार्कर फिरवा. मग कानशीची धारदार कड दाताच्या कोपऱ्यात अशी बसवा, की तिची एक बाजू वरच्या पट्टीच्या उतारावर आणि दुसरी भिंतीच्या उतारावर टेकेल. मूठ दाताच्या बाहेरच्या बाजूला आणि वर राहते. कानस खाली साधारण ४५ अंश कलते आणि आत, थोडी मागे जाते. बाहेरून आत, छोटे फटके, परत येताना कानस उचलून. दोन फटके मारा आणि थांबून बघा. दोन्ही उतारांवरची शाई एकसारखी गेली तर बसणी बरोबर. एकाच उतारावरची गेली तर जोर लावू नका, कानस मुठीत किंचित फिरवा.

बिघडतं ते जवळपास नेहमी उंचीत. कानशीची कड कोपऱ्याच्या खाली बसली, तर भिंतीत खाच पडते आणि वर चोचीसारखं पातळ टोक उरतं. सुरुवातीला झकास कापतं, लगेच बोथट होतं. कड वर बसली, तर कोपरा मागे ढकलला जातो. कितीही घासा, चेन लाकडात शिरत नाही आणि ढलप्यांऐवजी पीठ पडतं. उन्हात दात तिरका धरून कोपऱ्याकडे बघा. जिथे पांढरी चमकती रेघ दिसते तिथे धार नाही. खरी धार दिसतच नाही.

सगळ्यात लहान दात शोधून आधी तो करा, बाकीचे त्याच्या लांबीला आणा. एका बाजूचे सगळे संपवून मग दुसरी बाजू. डाव्या-उजव्या दातांची लांबी किंवा धार वेगळी राहिली तर काप वाकडा जातो आणि बार ओंडक्यात अडकतो.

तीन-चार वेळा धार लावली की रेकर, म्हणजे दाताच्या पुढचा, कापाची खोली ठरवणारा उंचवटा, तपासा. ३/८ पिचच्या चेनीत तो दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली हवा, पट्टीगेजवरून सपाट कानशीनं उतरवायचा आणि पुढचा कोपरा परत गोल करायचा. घाईत जास्त उतरवला तर चेन लाकूड पकडून झटका देते. हे मशिनीपेक्षा चालवणाऱ्यासाठी धोक्याचं.

बाहेरून आत घासताना कानस आधी क्रोमच्या कडक थराला भिडते, म्हणून तिच्या कडा लवकर जातात. कडांवर पेनानं खुणा करा आणि एक गुळगुळीत झाली की पुढची घ्या. गेलेल्या कडेनं कोपरा कधीच टोकदार येत नाही, हाताला दोष देत बसू नका. दोन कानशी एकमेकींवर घासतील अशा डब्यात टाकू नका, कापडात वेगवेगळ्या गुंडाळा. दात मागच्या खुणेच्या रेषेपर्यंत आला, किंवा रेषा नसेल तर सुमारे ४ मिमी उरला, की चेन बदला.