दंडावरची नारिंगी पट्टी: बर्फाचा डोंगर पायी चढण्याचा माझा अनुभव

छत्रपती संभाजीनगरच्या गोगाबाबा टेकडीवर मी गेली अकरा वर्षे पहाटे चढते आहे आणि एवढ्या काळात मला वर जाण्याची परवानगी कोणी विचारलेली नाही. त्यामुळे अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हरजवळ राहणाऱ्या माझ्या मुलीने, "आई, स्कीच्या डोंगरावर पायी चढायचे असेल तर आधी पास काढावा लागतो," असे सांगितले तेव्हा मला हसू आले. स्की म्हणजे पायांना बांधून बर्फावरून घसरायच्या लांब फळ्या; घसरणारे लोक दोरावरच्या पाळण्यात बसून वर जातात. जो पाळण्यात बसत नाही, स्वतःच्या पायांनी चढतो, त्याच्याकडे पास कशाचा मागायचा? परत आल्यापासून टेकडीवरच्या आमच्या मंडळींपैकी दोघे मला हेच विचारत आहेत, कारण त्यांनाही पुढच्या हिवाळ्यात मुलांकडे जायचे आहे. म्हणून जे घडले ते लिहून ठेवते.

पास ऑनलाइन निघाला. अर्ज छोटा होता, पण त्याच्यासोबतचे हमीपत्र लांबलचक होते आणि जावईबापूंनी मला ते खरेदीखत वाचावे तसे ओळीने वाचायला लावले. आखून दिलेल्या वाटेनेच चढायचे, उताराच्या कडेने चालायचे, अंधारात डोक्याला दिवा आणि अंगावर चमकणारी पट्टी हवी, कुत्रा आणायचा नाही, आणि पाळणे सुरू होण्याच्या अर्धा तास आधी खाली यायचे. साध्या बुटांनी चालायला बंदी होती, कारण पाय रुतून जे खड्डे पडतात ते रात्रीतून गोठतात आणि दिवसा वेगाने घसरत येणाऱ्याची स्की त्यांत अडकते. कामकाजाच्या वेळेबाहेर बचाव पथक मदतीसाठी सज्ज नसते, तेव्हा मदत उशिरा येईल हे मान्य आहे, अशा कलमाखालीही सही करावी लागली.

मी शिक्षिका असल्यामुळे वाद घातलाच. जमीन सरकारी वनखात्याची आहे, मग हे अडवणारे कोण, असे मी विचारले. जावयांनी समजावले की कोलोरॅडोतले बरेचसे स्की रिसॉर्ट संघराज्याच्या वनजमिनीवर परवान्याने चालतात आणि त्यांच्या हद्दीत कोणी, केव्हा, कुठून चढावे हे ठरवण्याचा अधिकार परवानाधारकाकडे असतो. म्हणून प्रत्येक ठिकाणचे नियम निराळे असतात. कुठे फुकट चढता येते, कुठे पैसे पडतात, कुठे चढूच देत नाहीत. एका डोंगरावरचा अनुभव दुसरीकडे धरून चालू नये, हे आमच्या मंडळींनी लक्षात घ्यावे.

पहिल्या खेपेला आम्ही पहाटे साडेपाचला पायथ्याशी पोहोचलो तर फलकावर लाल अक्षरांत 'बंद' असे होते. मुलीने वाटेची स्थिती सांगणाऱ्या क्रमांकावर आदल्या संध्याकाळी फोन केला होता आणि नियम मात्र त्याच पहाटे फोन करण्याचा होता. रात्रीतून बराच बर्फ पडला होता. दीड तास गाडीत अवघडून आल्यानंतर मी तिच्यावर चिडले, आणि तेवढ्यात वरच्या अंगाला काळोखात एकापाठोपाठ दोन स्फोट झाले. कड्यावर साचलेला बर्फ माणसांवर कोसळू नये म्हणून पथकातले लोक दारू उडवून तो आधीच पाडत होते. आमच्या गावी विहिरीला सुरुंग लावताना लाल फडके हलवून माणसे लांब पिटाळतात. इथे ते काम फलक करत होता. मी मुकाट्याने गाडीत जाऊन बसले.

चार दिवसांनी पुन्हा गेलो. ते चार दिवस फुकट गेले नाहीत, कारण आपले शहर समुद्रसपाटीपासून 600 मीटरांच्याही आत, डेन्व्हर 1,609 मीटरांवर आणि तो पायथा तर 2,900 मीटरांच्या आसपास. आल्या आल्या पहिल्या दोन रात्री माझे डोके ठणकले होते. मी भाड्याचे स्नोशू, म्हणजे बर्फात पाय रुतू नयेत म्हणून बुटांखाली बांधायचे रुंद तळ, बांधले. मुलीने स्कीच्या तळाला लांब पट्ट्या चिकटवल्या, ज्यांना तिथे स्किन म्हणतात. त्यांवरून हात फिरवून पाहिला. पुढून मागे गुळगुळीत, उलटा फिरवला तर केस बोटांना अडतात. त्या अडण्यामुळेच स्की वर सरकते, पण मागे घसरत नाही.

अर्ध्या चढावर वाट दोरी लावून एकदम उजवीकडे वळवली होती. डावीकडे उतार सरळ, मोकळा आणि सोपा दिसत होता, आणि खरे सांगायचे तर मी एकटी असते तर तिकडूनच गेले असते. मुलीने थांबवून दिव्याचा झोत तिकडे टाकला. सुई-दोऱ्याने टीप घालावी तशी एक बारीक रेघ बर्फावर वरपासून खालपर्यंत गेलेली होती. खूप खाली बर्फ सारखा करणारे यंत्र पिवळा दिवा फिरवत काम करत होते. तीव्र उतारावर ते माथ्याला बांधलेल्या पोलादी दोराच्या आधाराने चालते आणि तो दोर सुमारे हजार मीटर लांब असू शकतो. यंत्र वळले तशी ती रेघ थरथरली आणि क्षणात दोर बर्फातून उसळून कमरेच्या उंचीवर ताठ झाला. देवगिरी किल्ल्याच्या अंधारी नावाच्या भुयारातून चढणाऱ्या शत्रूला पुढचे काही दिसू नये अशी रचना आहे; इथे तसा कोणाचा हेतू नव्हता, पण दिसत तितकेच कमी होते.

वर पोहोचल्यावर धपाटे काढले तर ते पापडासारखे कडक झाले होते. (अंगाजवळच्या खिशात ठेवावेत, पाठीवरच्या पिशवीत नव्हे.)

चूक उतरताना झाली. एका उंचवट्याच्या लगेच खाली थांबून मी वाकून स्नोशूचा सैल झालेला पट्टा आवळत होते. पथकातला एक तरुण शेजारी येऊन थांबला, माझ्या दंडावरची पासाची नारिंगी पट्टी पाहिली आणि मला आधी कडेला घेऊनच बोलला. वरून येणाऱ्याने पुढच्या माणसाला सांभाळून जायचे हा स्कीचा सर्वमान्य नियम आहे, पण आपण वरून दिसू अशाच जागी थांबायचे, हाही त्याच नियमावलीतला. उंचवट्याआड मी कोणालाच दिसत नव्हते. तो बोलत असतानाच त्याचा एक सहकारी मी वाकले होते त्या जागेवरून सर्रकन निघून गेला.

टेकडीवरच्या त्या दोघांनी विचारलेल्या बुटांबद्दल एवढेच सांगते की इथून काही विकत नेऊ नका, तिथे सगळे भाड्याने मिळते. आणि वाटेची स्थिती सांगणाऱ्या त्या फोन क्रमांकावर ध्वनिमुद्रित आवाज फार भरभर बोलतो; पहाटे निघण्यापूर्वी दोनदा ऐका.